आजीचे अरिष्ट आणि राजाची सुरा

हा थ्रेड लांबणार आहे. विषय मद्याचा आहे, त्यामुळे काहींच्या भुवया आताच उंचावतील आणि काहींचे चेहरे खुलतील. दोघांनाही विनंती, जरा धीर धरा. मला पिणाऱ्यांपेक्षा मद्य करणाऱ्यांविषयी बोलायचे आहे.

गेल्या फाल्गुनात राजुरीला एका मित्राच्या मळ्यावर आम्ही चौघे जमलो होतो. राजुरी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. ही जुन्नर तालुक्यातली, आळेफाट्याजवळची. दुसऱ्या दिवशी पहाटे नाणेघाट गाठायचा बेत होता. रात्री जेवणाआधी एकाने पुण्याहून आणलेली बाटली काढली. छोट्या प्रमाणावर बिअर गाळणाऱ्या एका कारखान्याची ती 'एल' होती. एल म्हणजे थंडीत मुरवण्याऐवजी उबेत आंबवलेली, अंगाने दाट बिअर. ही तर चांगली कडक होती, आणि तिच्यात धने, सुंठ, दालचिनी, संत्र्याची साल असा मसालाही होता. 'आळ्याच्या शिवेवर एल' असा एक विनोद झाला. ज्या आळ्याला ज्ञानदेवांच्या वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आहे, त्या गावाच्या नावाशी अशी कोटी करणे फारसे शोभले नाही, पण झाली खरी.

पेल्यातला रंग काढ्याचा, वर फेसाची पिवळसर साय. पहिल्या घोटाला काकवीची आठवण देणारी गोडी, मग सुंठेची ऊब घशापर्यंत, आणि सगळे संपले असे वाटत असतानाच जिभेच्या मुळाशी उतरणारी कडवट तुरट चव. मला ती चव ओळखीची वाटत होती, पण नाव आठवेना.

नाव सांगितले मित्राच्या आजीने. ऐंशीच्या घरातली, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर एकादशी न चुकवलेली बाई. दारूच्या बाटलीजवळ ती बसणार नाही अशी आमची समजूत. पण वासानेच ती ओट्यावरून उठून आली, पेला न उचलता नुसता हुंगला आणि म्हणाली, "आरं, हे तर बाळंतिणीचं औषद!"

तिला म्हणायचे होते दशमूलारिष्ट. आणि ती अगदी बरोबर होती.

आता जरा मागे जाऊ. 'आपले पूर्वज मद्याला शिवत नव्हते' असे म्हणणारा एक गट समाजमाध्यमांवर आहे. 'वेदकाळी सगळेच पीत होते, मग आता नाक कशाला मुरडता' असे म्हणणारा दुसरा. दर दोन-तीन महिन्यांनी यांची जुंपते. एक गट सोमरसावर चित्र टाकतो, दुसरा मनुस्मृतीतला श्लोक. मला दोन्ही गटांचा कंटाळा येतो, कारण सुरा कशी करत, कोण करत आणि कोणाला करू दिली जाई, हे प्रश्न दोघेही विचारत नाहीत. इतिहासाचे खरे मर्म तिथे आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित शामशास्त्रींच्या हाती लागले आणि १९०९ साली ते छापून प्रसिद्ध झाले. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. कारण तिथे प्रवचन नाही, मापे आहेत.

'मेदक' करायचा तर एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. 'प्रसन्ना' करायची तर बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व. (एका द्रोणाचे चार आढक, एका आढकाचे चार प्रस्थ.) आणि या दोहोंत घालायचा मसाला, त्याला शब्द आहे 'संभार': पहाडमूळ, लोध्र, तेजोवती, एलवालुक, ज्येष्ठमध, मधुरसा, प्रियंगु, दारुहळद, मिरी आणि पिंपळी. आसवाच्या संभारात दालचिनी, चित्रक, वावडिंग, गजपिंपळी आणि नागरमोथा येतात. 'मैरेय' नावाच्या प्रकारात मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यात गूळ, वर मिरी-पिंपळी किंवा त्रिफळा. साध्या सुरेचेही प्रकार आहेत: आंब्याची, रस अधिक असलेली, आणि 'संभारिकी' म्हणजे सरळसरळ मसाल्याची सुरा.

मळ्यावर आम्ही जे चाखत होतो, त्याला अर्थशास्त्राच्या वाचकाने एका शब्दात नाव दिले असते. संभारिकी.

या यादीत मला सर्वांत जास्त आवडतो तो शब्द 'किण्व'. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'किण्वन' शिकलो, तो याच कुळातला. कौटिल्याचे किण्व म्हणजे विरजण: उडदाचे पीठ कच्चे किंवा शिजवलेले, त्यात तांदूळ, आणि मोरटादी वनस्पतींचा थोडा थोडा भाग. यीस्ट म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण आंबवण्याची शक्ती एका गोळ्यात पकडून ठेवता येते, ती पुढच्या घाण्याला देता येते, हे ठाऊक होते. आजही झारखंड-ओडिशाकडे संथाळ आणि इतर आदिवासी तांदळाची हंडिया करताना 'रानू' नावाच्या गोळ्या वापरतात. त्यात तांदळाच्या पिठाबरोबर रानातल्या मुळ्या आणि साली असतात. अर्थशास्त्रातले किण्व पाहायचे असेल तर संग्रहालयात जायला नको, तिथल्या आठवडी बाजारात जावे.

आणि किण्वाचे काम कोणी करायचे? कौटिल्य स्पष्ट सांगतो: स्त्रियांनी आणि मुलांनी. ही ओळ वाचली की मला ओट्यावरची आजी आठवते. लोणच्याचा खार, सांडग्यांचे पीठ, दह्याचे विरजण, हे सगळे शास्त्र घरात जिच्या हाती होते, तिच्याच हाती सुरेचेही विरजण होते.

याच प्रकरणात आणखी एक तरतूद आहे आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. सुरेचा व्यवहार राजाच्या ताब्यात. चोरून विकणाऱ्याला दंड. तरीही कुटुंबांना घरच्या कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज म्हणजे लोकमेळे, आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची सूट आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, करवसुलीला अत्यंत कडक अशा राज्यशास्त्रालाही कळत होते की घरातल्या मडक्यात आंबणारी वस्तू आणि पानागारात विकली जाणारी वस्तू यांत फरक आहे. हा फरक पुढे एका दुसऱ्या राज्याने पुसून टाकला. तिकडे येतोच.

त्याआधी नाणेघाट. राजुरीहून पश्चिमेला जुन्नर, जुन्नरहून पुढे घाटघर आणि मग तो खडकात कोरलेला घाट. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. इसवी सनापूर्वीचे पहिले शतक हा त्याचा साधारण काळ. भिंती झिजल्या आहेत, अक्षरे गळाली आहेत, तरी यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी वाचता येते: गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे. त्यात दोन अश्वमेध आणि राजसूय असल्याचे अभ्यासक सांगतात.

आता श्रौतसूत्रे उघडा. राजसूयाची सांगता सौत्रामणी नावाच्या इष्टीने करावी असा विधी आहे. आणि सौत्रामणीत देवतांना अर्पण करायची असते ती सुरा. ती कशी करायची तर मोड आलेली साळ (शष्प), मोड आलेले सातू (तोक्म), लाह्या, आणि 'नग्नहु' नावाचे विरजण. या नग्नहूत टीकाकार सुंठ, त्रिफळा, दालचिनी, पुनर्नवा अशा औषधी घालतात. मिश्रण तीन रात्री मुरते.

थोडे थांबून पुन्हा वाचा. धान्याला मोड आणायचे, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. मोड आणून वाळवलेल्या सातूला आजचे कारखाने 'माल्ट' म्हणतात आणि बिअरचा सगळा पाया त्यावर असतो. म्हणजे सौत्रामणीची सुरा ही मोडाच्या धान्याची, औषधी मसाल्यांची बिअर होती. नाणेघाटच्या लेखात सुरेचा शब्द नाही. पण राजसूय खरोखर विधीप्रमाणे झाला असेल, तर सातवाहनांच्या यज्ञमंडपात कुठेतरी एक मडके तीन रात्री बुडबुडत असले पाहिजे, असा माझा तर्क आहे. तो चुकीचा वाटत असेल तर खाली जरूर वाद घाला.

लगेच 'बघा, वेदात बिअर!' म्हणून चित्रे बनवू नका. कारण याच परिसराची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत: लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरीच्या कड्यातली. तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या शीलांपैकी एक होते सुरा, मैरेय आणि मद्य यांपासून दूर राहण्याचे. मैरेय हा शब्द पुन्हा लक्षात घ्या. तोच गूळ-पिंपळीचा प्रकार. जो पदार्थ शीलात नाव घेऊन वर्ज्य करावा लागतो, तो समाजात नुसता असतो असे नाही, चांगला मुरलेला असतो. जुन्नरच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, यवनही आहेत. याच काळात पश्चिम किनाऱ्यावर भडोचच्या बंदरात इटलीची द्राक्षमदिरा उतरत असल्याचे 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो. पण यवन इरिल भिक्षूंना काय देतो? पाण्याची दोन टाकी. यजमानाची मर्यादा पाळणे हेही परदेशी पाहुण्याला कळत होते.

एकाच डोंगररांगेत एका लेण्यात यज्ञ सांगणारी राणी आणि दुसऱ्या लेण्यांत मद्य वर्ज्य मानणारे भिक्षू. पूर्वज पीत होते की नव्हते, या प्रश्नाला 'कोणते पूर्वज?' असा प्रतिप्रश्न करणे हेच योग्य उत्तर.

पुढे ब्राह्मणी परंपरेनेही पाऊल मागे घेतले. मध्ययुगीन निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य अशा गोष्टींची यादी केली, ती कलिवर्ज्ये. त्यात सौत्रामणीतल्या सुरेचाही समावेश आहे. यज्ञातून संभारिकी गेली. पानागारात तिची जागा हळूहळू भट्टीवर गाळलेल्या दारूने घेतली. गाळलेल्या दारूला मसाल्याची गरज फारशी उरत नाही, कारण तिथे शक्ती हीच चव. (गोव्यात अनंतमुळाची 'दुकशिरी' फेणी मिळते, तो सुखद अपवाद.)

मग मसाल्याची आंबवण जिवंत राहिली कुठे? वैद्याच्या माजघरात. चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. आसव आणि अरिष्ट यांत धान्य मुख्य नसते. काढा किंवा रस, त्यात गूळ किंवा मध, आणि आंबवायला धायटीची फुले. धायटी हे सह्याद्रीत सर्वत्र वाढणारे झुडूप. फाल्गुन-चैत्रात त्याच्या फांद्या लालभडक नळकांड्यांसारख्या फुलांनी भरतात. त्या फुलांवर यीस्ट नैसर्गिकरीत्या असते. मातीचा घडा तोंड बांधून धान्याच्या राशीत पुरायचा, म्हणजे ऊब एकसारखी राहते. महिनाभराने उघडायचा. दशमूलारिष्टात अशा रीतीने आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, साधारण पाच ते दहा टक्के. बाटलीवर ते छापलेलेही असते, पण आजीने ते कधी वाचले नाही. वाचले असते तरी तिने दोन चमचे घेतलेच असते, कारण औषध ते औषध.

अरिष्ट या शब्दाची गंमत अशी की मराठीत त्याचा पहिला अर्थ संकट. संस्कृतात मात्र 'ज्याला इजा पोहोचली नाही ते' असाही अर्थ आहे. नासणार नाही, टिकेल, ते अरिष्ट. एकाच शब्दाची ही दोन तोंडे मला या सगळ्या विषयाला फार शोभणारी वाटतात.

युरोपातही असेच घडले, मात्र कारण वेगळे. हॉप्स नावाच्या वेलीची फुले रूढ होण्यापूर्वी तिथली एल 'ग्रूट' या वनौषधींच्या मिश्रणाने कडवट केली जाई. १५१६ साली बव्हेरियाने फर्मान काढले: बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच. त्या एका ओळीने बव्हेरियाच्या बिअरमधून मसाले हद्दपार झाले. आज पुण्या-मुंबईचे तरुण बिअरकार तिच्यात पुन्हा धने-सुंठ घालतात आणि वेष्टनावर 'प्रयोगशील' असे लिहितात. ठीक आहे. पण त्यांनी एकदा तरी जवळच्या आयुर्वेदिक औषधालयात जाऊन यावे.

आता ज्या राज्याने फरक पुसला त्याच्याकडे. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. दारू हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क मक्तेदारांकडे एकवटले, गावोगावचे स्वतःपुरते करणे गुन्हा ठरले. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरच बंधन आले. मोहाची फुले गरीब माणसे भाजून, शिजवून खात, गुरांना घालत. दुष्काळात तोच आधार. झाडाखाली पडलेले फूल उचलणे हा संशयास्पद व्यवहार झाला. कौटिल्यानेही कर घेतला होता, पण कार्यप्रसंगाचे मडके त्याने फोडले नव्हते.

इथे माझ्यावर सरळ आक्षेप येईल: म्हणजे तुम्ही दारूची बाजू घेता? नाही. १८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढवण्याला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेकडे पत्र लिहून विरोध केला होता. दुकान वाढले की कोणाचे घर बुडते, हे त्यांना दिसत होते. 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानात आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायांना तत्त्वज्ञान शिकवण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या घरातले नुकसान त्यांनी मोजले आहे. पण नीट पाहिले तर फुल्यांचा आणि त्या बायांचा राग दुकानावर आहे. सणाला घडा लावणारी ठाकर किंवा कातकरी बाई त्या दुकानाची मालकीण कधीच नव्हती. तरीही पोलिसांची पहिली धाड तिच्या झोपडीवर पडते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. तो न्यायालयात गेला आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात बराचसा कायदा कायम ठेवला. मात्र अल्कोहोल असलेल्या औषधी आणि प्रसाधनांवरची बंदी रद्द ठरवली. आजीची बाटली सुटली. योग्यच झाले. पण त्याच धायटीच्या, त्याच गुळाच्या, त्याच किण्वनाच्या शास्त्राचा दुसरा वारसदार सुटला नाही. एकीला वेष्टन मिळाले, शिक्का मिळाला, दुकानात फळी मिळाली. दुसरीला 'हातभट्टी' हा शब्द मिळाला. घरच्या आंबवणीतही घाण आणि धोका असू शकतो, गाळलेल्या विषारी दारूने माणसे मेली आहेत, हे मान्य. त्यावर तपासणी हवी, शुद्धतेचे नियम हवेत. गोव्याने फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि २०१६ साली तिला राज्याचा वारसा मानले, म्हणून गोवा काही बुडाला नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर दरवर्षी हिरडा गोळा करून विकतात. मैरेयातल्या त्रिफळ्यातला एक भाग तोच. त्यांना केवळ कच्च्या मालाचे वाहक का मानावे? किण्वनाचे ज्ञान त्यांच्याकडेही होते, आणि कुठे कुठे अजून आहे.

तुम्हा इतिहासप्रेमींना माझे सांगणे एवढेच: पुढच्या वेळी 'प्राचीन भारतातील मद्य' असा थ्रेड दिसला, तर विचारा की मडके कोणाच्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाणेघाट पाहून खाली वैशाखरेच्या बाजूला उतरलो. वर धायटी फुललेली होती. मी एक फूल तोडून देठाकडून चोखले, गोड लागले. खाली पायथ्याच्या रानात ऊन तापायच्या आत एक बाई मोहाची फुले वेचत होती. टोपली अर्धी भरलेली. मी काहीच मनात न ठेवता विचारले, "मावशी, कशाला हो ही फुलं?"

तिने आमच्या चौघांच्या बुटांकडे पाहिले, कॅमेऱ्याकडे पाहिले.

"गुरांना," ती म्हणाली, आणि टोपलीवर पदर ओढला.